मोनॅकोला सायकलवर गेलेल्यांनो, इथे लिहा (अनुभव धागा)

मंडळी, आमच्या ग्रुपातले दोघं यंदा फ्रान्सला नीसला चाललेत आणि तिथून मोनॅकोला सायकल नेणार म्हणतात. रोज एकच प्रश्न विचारून डोकं खातात: एवढ्या श्रीमंत गावात सायकलवाल्याला हाकलतात का? ज्यांनी ज्यांनी ही वाट केलीय त्यांनी लिहा. नेटवर मिळते ती माहिती नको, तुमची फजिती हवी. सुरुवात मीच करते.

मी खालच्या रस्त्याने गेले. डोंगराला तीन मजल्यांसारखे तीन रस्ते आहेत: बास, म्वायेन आणि ग्रांद कॉर्निश. खालचा समुद्राला धरून जातो, अंतर वीसेक किलोमीटर, म्हणजे सपाट असणार असा माझा समज. कसला सपाट! नीसचं बंदर सुटलं की लगेच चढ, मग विलफ्रांशची खाडी, मग परत वर. आरे-वारेवरून गणपतीपुळ्याला सायकल नेलेल्यांना लगेच कळेल. एक फायदा मात्र आहे. तिथे उजवीकडून चालवायचं, त्यामुळे जाताना समुद्र आपल्या बाजूला राहतो. येताना तो गाड्यांच्या पलीकडे जातो, म्हणून येताना मी ट्रेनच धरली.

देश बदलला ते पाटी वाचून कळलं. नाका नाही, शिक्का नाही. मी पासपोर्ट दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून पोटाशी बांधला होता. कुणी विचारलाच नाही, उगीच घामाने ओला झाला.

*

हाकलत नाहीत हो. मी बासष्टाव्या वर्षी जाऊन आलो, लेकाची जुनी सायकल घेऊन. माझी अडचण वेगळीच होती. सायकलला स्टँड नव्हता. कॅसिनोच्या चौकात पोचलो तर टेकवायला काही सापडेना. डावीकडे फेरारी, उजवीकडे रोल्स रॉइस, मध्ये मी हँडल धरून वरातीतल्या घोडेवाल्यासारखा उभा. हातातून सुटली असती तर घर विकावं लागलं असतं. शेवटी हॉटेलच्या दारावरच्या टोपीवाल्या गड्याने हसून पलीकडच्या गल्लीतलं रेलिंग दाखवलं.

कॅसिनो 1863 पासून चालू आहे, आणि गंमत म्हणजे मोनॅकोच्या नागरिकांना तिथे खेळायला बंदी. बाहेरच्यांनी हरायचं आणि ह्यांनी आयकर भरायचा नाही, असा सगळा कारभार. मी चौकातल्या एका कॅफेत कॉफी घेतली. किंमत लिहीत नाही, आमची ही हे वाचते.

*

माझं मत विचाराल तर दोन तासांत उरकतं. दोन चौरस किलोमीटरचा देश, महालक्ष्मीचा रेसकोर्स दोन-अडीच वेळा मांडला तर झाला. त्यात जमीन कमी पडली म्हणून समुद्र बुजवलेला, हेही आपल्या मुंबईसारखंच. संपत नाही तो चढ. नकाशात शंभर मीटरवर दिसणारा रस्ता डोक्यावर सात मजले असतो. म्हणून गावात जागोजाग सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, तेही फुकट. भाड्याच्या सरकारी सायकली विजेवर चालतात त्या उगाच नाही. माझी घडीची होती, ती घडी करून लिफ्टमध्ये घातली आणि वर गेलो. स्ट्राव्हावर, म्हणजे सायकलचा हिशोब ठेवणाऱ्या ॲपवर, ती चढाई मी मोजलेली नाही, एवढा प्रामाणिकपणा आहे.

*

वरच्यांनी घाई केली असं माझं म्हणणं. मोनॅको बघायचं ते वरून, डोंगरावरच्या ला तुर्बी गावाहून.

21 जुलै 2024ला मी तिथे होतो. पॅरिसमध्ये ऑलिंपिक, त्यामुळे टूर द फ्रान्स ही सायकलशर्यत पहिल्यांदाच पॅरिसबाहेर संपणार होती आणि शेवटचा टप्पा मोनॅको ते नीस, 33.7 किलोमीटर, एकेकट्याने घड्याळाशी. रस्ता बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून पहाटेच निघालो. ला तुर्बीचा चढ 8.1 किलोमीटरचा, सरासरी साडेपाच टक्क्यांच्या थोडा वर. आकड्यावर जाल तर सिंहगड जास्त छळतो. पण इथे ऊन वरून येतं आणि दगडातूनही येतं. तिसऱ्या वळणावर माझ्या मांड्या भरून आल्या. तेवढ्यात एक आजी हँडलला पावाची पिशवी अडकवून मागून आल्या, ‘बॉंजूर’ म्हणाल्या आणि पुढे गेल्या. विजेची होती सायकल. तरी लागलंच मनाला.

ला तुर्बीत ऑगस्टसचं रोमन स्मारक आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं. जिंकलेल्या 45 आल्प्स जमातींची नावं त्यावर कोरलेली. त्याच्या खालच्या वळणावर जागा धरली. दुपारभर एकेक जण येत होता, तोंड वासलेला, डोळे चाकावर. शेवटी पिवळा जर्सीवाला, म्हणजे शर्यतीत एकूण आघाडीवर असलेला, पोगाचार. तो मोनॅकोतच राहतो, म्हणजे हा त्याचा रोजचा सरावाचा रस्ता, आपल्याला कात्रज तसा. अख्खा टप्पा त्याने 45 मिनिटं 24 सेकंदांत संपवला. दुसरा आलेला विंगेगोर त्याच्या मागे 1 मिनिट 3 सेकंद. सकाळी मला एवढ्या वेळात नुसतं ला तुर्बीही गाठता आलं नव्हतं, आणि मी वाटेत केळं खायला थांबलो होतो ही सबब धरूनसुद्धा.

गर्दी पांगल्यावर कठड्याशी जाऊन खाली पाहिलं. बंदर, राजवाडा, कॅसिनो, सगळा देश एका नजरेत. यॉट तेवढ्या उंचीवरून तांदळाच्या दाण्यांएवढ्या.

*

एक सूचना, अनुभवाची. घामाने भिजलेला टीशर्ट बदलायला बंदरावर अंगातून काढू नका. किनारा सोडून गावात उघड्या अंगाने फिरायला मनाई आहे. पोलीसमामा अर्ध्या मिनिटात हजर. अतिशय अदबीने बोलले, मीही अतिशय अदबीने ओलाच परत घातला.

*

फॉर्म्युला वनच्या त्या प्रसिद्ध हेअरपिन वळणावर कुणी गेलं का? रेसिंग गाड्यांनाही तिथे पन्नासच्या आसपास वेग ठेवावा लागतो. मी बारानं घेतलं. मागच्या बसने हॉर्नसुद्धा दिला नाही.

*

खाण्याचं कुणीच लिहिलं नाही. रस्ता ओलांडून बोसोलेयला जा. फुटपाथ बदलला की फ्रान्स, आणि बिलही बदलतं. नीसला परतलात तर सोका खा. हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं, वर मिरपूड. माझ्या बायकोने पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘अगंबाई, हे तर बेसनाचं धिरडं!’ दुसरी प्लेट मागवली तेव्हा हिरव्या मिरचीची आठवण काढून दोघंही थोडा वेळ गप्प होतो.

*

धागाकर्त्या ताईंसारखीच मी पण परत ट्रेनने आले. स्टेशन डोंगराच्या पोटात आहे. साडेपाच-सहाची वेळ टाळा, हे त्या दोघांना नक्की सांगा. मोनॅकोत राहतात चाळीस हजारांच्या आत, आणि त्याहून जास्त लोक रोज बाहेरून कामाला येतात. स्वैपाकी, सुतार, सफाईवाल्या, बँकेतले कारकून, सगळे एकाच डब्यात. थेट आपली सहा पंधराची ठाणे लोकल, फक्त खिडकीबाहेर भूमध्य समुद्र. सायकल घेऊन मी दारात अवघडून उभी. कुणी कटकट केली नाही, उलट दोघांनी सरकून जागा केली. शेजारी वेटरच्या काळ्या जाकिटातला पोरगा होता. तो विलफ्रांश यायच्या आत माझ्या सीटवर, म्हणजे सायकलच्या सीटवर, कपाळ टेकवून झोपला. नीस आलं तेव्हा त्याला हलवून उठवावं लागलं.