मदत हवी आहे: प्रशिक्षणात फेसबुक आलं की सगळे गप्प

पानखूण:
शनिवारी आमच्या ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांचं तिसरं सत्र. आधीच्या दोन्हींत स्लाइड दाखवून फेसबुक-इन्स्टाग्राम सगळं समजावलं. माना डोलावतात, पण "आता करून बघा" म्हटलं की एकही फोन पिशवीतून बाहेर येत नाही. अध्यक्षांना महिनाअखेर पेज चालू हवंय. काय करू? जरा लवकर सांगा.

देवघेव:
ग्रंथालय कसलं? माणसं किती? खाती कुणाच्या नावावर?

पानखूण:
सार्वजनिक, तालुका 'अ' दर्जाचं. चौघं. खाती ज्याची त्याची, आणखी कुणाची असणार?

देवघेव:
घोडं तिथंच अडलंय. पेजसाठी वैयक्तिक खातं लागतंच, पण पेज कोण चालवतं ते वाचकांना दिसत नाही. हे सांगितलंत का? नाहीतर घरचे फोटो गावभर होणार असंच त्यांना वाटतं. ॲप संपर्क यादी मागेल, तिथं नकार द्यायला शिकवा. पूर्ण ताबा दोघांकडे ठेवा. एकटाच असला आणि तो निवृत्त झाला की पेजला कुलूप. बाकी दोघांना फक्त पोस्ट आणि उत्तरं.

कपाट ७:
फेसबुक हवंय कशाला? व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. ग्रंथालयाच्या लँडलाइनवरही सुरू होतं, पडताळणीचा कोड कॉलवर येतो. ब्रॉडकास्टच्या (एकच निरोप प्रत्येकाला वेगळा जातो) एका यादीत २५६ सभासद.

देवघेव:
आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही, हे कोण सांगणार?

कपाट ७:
वर्गणीची पावती फाडताना समोरच सेव्ह करून घ्यायचा. त्यात काय एवढं!

सूचिकार:
स्लाइड बंद करा. अमेरिकेत शार्लटच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलन ब्लोवर्स यांनी २००६ मध्ये कर्मचाऱ्यांना इंटरनेटवरची साधनं शिकवायला '२३ गोष्टी' हा कार्यक्रम आखला. व्याख्यान नाही, छोटे छोटे उद्योग, ज्याने त्याने आपल्या गतीने करायचे आणि ब्लॉगवर नोंदवायचे. टोपणनाव चालायचं. पुरे करणाऱ्याला एमपी३ प्लेअर. मेलबर्नच्या यारा प्लेंटी ग्रंथालयाने तोच उचलला.

देवघेव:
वेळेचं काय? टेबलावर एकटा माणूस, समोर पुस्तक बदलायला रांग, तेव्हा कसली गती? दार उघडण्याआधी अर्धा तास, दोघं-दोघं बसवा.

वाळवी:
आधी दाखल नोंदवही (आलेल्या पुस्तकांची) ई-ग्रंथालय या संगणक प्रणालीत पुरी भरा. मग जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ टाका, लोक धावत येतील.

सूचिकार:
धावत नोटीसही येईल. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क असतो, आणि ती पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. शिवाय हे विचारलंय कुणी?

शाईपेन:
मराठी टाइप करता येतं का त्यांना? खरी लाज तिथं असते. ग्रंथालयाच्या नावाखाली ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर गावातले मास्तर सोडत नाहीत. जीबोर्डमध्ये (फोनवरचा गुगलचा कीबोर्ड) मराठी जोडा, माइक दाबून बोलायला लावा, जोडाक्षरं मागाहून नीट करा. पहिला मजकूर चौघांच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर. शनिवारी एवढंच घ्या: नव्या आवकीतली पाच पुस्तकं, खिडकीशी फोटो, फ्लॅश बंद (प्लास्टिकच्या कव्हरवर पांढरा डाग पडून नाव जातं), खाली तीन ओळी: नाव, लेखक, कुठल्या कपाटात.

पानखूण:
टाइपिंग जमतं. एक राहिलंच सांगायचं, मागे एक पेज होतं. वर्गणीवाढीच्या पोस्टखाली भांडण झालं आणि कार्यकारी मंडळाने लिपिकाला झापलं. तेव्हापासून बंद.

देवघेव:
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! शनिवारचं सत्र पुढे ढकला, आधी कार्यवाहांच्या सहीचं एक पान आणा. वेळा, सुट्ट्या, पुस्तक आहे-नाही याला कर्मचारी उत्तर देतील; वर्गणी, अनामत, तक्रार याला एकच ओळ, "कार्यवाहांना कळवले आहे", आणि पुढे कार्यवाहच बोलतील. शिवीगाळ असेल तरच कॉमेंट लपवायची, आधी स्क्रीनशॉट घेऊन. लपवली तरी लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतेच, तेव्हा भांडण मिटलं समजू नका.

कपाट ७:
व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टला कॉमेंटच नसते. बघा बुवा.

पानखूण:
कार्यवाह सही देतील असं वाटत नाही. जुन्या पेजचा पासवर्ड कसा काढायचा?

देवघेव:
ते खातं कुणाचं होतं?