'विश्वासू' की 'विश्वासी'? आणि 'सार्वकालिक' म्हणजे कधीपासून?

ओसरी :
आजीच्या कबरीवर संगमरवरी पाटी बसवायची आहे. कारागीर अक्षरावर पैसे घेतो, त्यामुळे घरात एकेका शब्दावरून वाद चाललाय. आईला बायबलच्या 'प्रकटीकरण' या पुस्तकातली, 2:10 मधली ओळ हवी आहे : 'मरेपर्यंत तू विश्वासू राहा, म्हणजे मी तुला जीवनाचा मुगूट देईन.' मामा म्हणतात, विश्वासू तर बँकेचा शिपाई असतो, 'विश्वासी' लिहा. शिवाय त्यांना खाली 'सार्वकालिक जीवनात प्रवेश' आणि निधनाची तारीख हवी आहे. 'सार्वकालिक' म्हटलं की धाकट्या भावाला क्रिकेटचा सार्वकालिक सर्वोत्तम संघ आठवतो. सोमवारी मजकूर द्यायचा आहे. जाणकारांनी सांगावं.

कोरा कागद :
विश्वासू म्हणजे ज्याच्यावर भरवसा टाकता येतो तो. विश्वासी म्हणजे ज्याचा विश्वास आहे तो. पहिल्यात भरवसा दुसऱ्याचा, दुसऱ्यात स्वतःचा. मामांना हवा तो अर्थ 'विश्वासी'मध्येच आहे. मात्र हा शब्द मंडळीबाहेर, म्हणजे चर्चच्या लोकांबाहेर, फारसा कोणी वापरत नाही. पाटी बाहेरच्यांनीही वाचायची असेल तर विचार करा.

वेलांटी :
थोडं थांबा. मूळ ग्रीक शब्द 'पिस्तोस', आणि त्यात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. पुनरुत्थानानंतर येशू आपल्या थोमा या शिष्याला 'पिस्तोस हो' म्हणतो तेव्हा अर्थ 'विश्वास ठेवणारा'. येशूच्या दाखल्यातला, म्हणजे बोधकथेतला, धनी 'शाबास, भल्या व विश्वासू दासा' म्हणतो तिथेही शब्द तोच, पण अर्थ 'सोपवलेलं नीट सांभाळणारा'. मराठीला दोनांतला एक निवडावा लागतो.

तुमच्या ओळीत 'विश्वासू'च बरोबर. हा निरोप स्मुर्णा इथल्या मंडळीला आहे, आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. त्यांचा विश्वास आहे की नाही हा तिथे प्रश्नच नाही. दहा दिवस हाल होतील, काहींना तुरुंगात टाकतील, तेव्हा हलू नका, एवढंच सांगणं आहे. याच गावचा बिशप पॉलिकार्प. इ.स. 155च्या आसपास त्याला ख्रिस्ताची निंदा कर म्हणजे सोडतो, असं सांगण्यात आलं. त्याचं उत्तर नोंदलेलं आहे : 86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू? याला 'विश्वासी' म्हणणं फारच कमी झालं.

बँकेच्या शिपायाला शोभतो म्हणून शब्द हलका होत नाही, मामांना सांगा. उलट तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे असते, त्याच्याच बाबतीत हा शब्द कसाला लागतो.

नगरकर पाहुणी :
आमच्याकडच्या जुन्या दफनभूमीत हा शब्द पुष्कळ पाट्यांवर आहे. 'कै.' मात्र लिहू नका, कैलासाशी आपला संबंध नाही. 'ख्रिस्तवासी' लिहितात.

कोरा कागद :
कैलास चालत नसला तरी वैकुंठ चाललं होतं! गोव्यात फादर स्टीफन्सने 1616 साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठच म्हटलंय. ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा शब्द उचलला. बरं, 'वेलांटी', ते 'सार्वकालिक' राहिलंच.

वेलांटी :
हो, आणि माझा खरा आक्षेप तिथेच आहे. क्रिकेटवाला 'सार्वकालिक' म्हणजे आजवरच्या सगळ्या काळांतला. बायबलमधला मूळ शब्द 'आयोनियोस', 'आयोन' म्हणजे युग, यावरून आलेला. न संपणारं हा अर्थ त्यात आहे, पण योहानाचं शुभवर्तमान नुसती लांबी मोजत नाही. 17:3 मध्ये ते व्याख्याच देतो : एकच खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्या येशू ख्रिस्ताला ओळखणं, हेच सार्वकालिक जीवन. आणि 3:36 मध्ये क्रियापद वर्तमानकाळी आहे, पुत्रावर विश्वास ठेवणाऱ्याला ते मिळालेलं आहे. मग 'प्रवेश' लिहून पुढे मृत्यूची तारीख कशी घालणार? आजींचा प्रवेश केव्हाच झाला असणार.

मुगूट हाही राजाचा नव्हे बरं का. मूळ शब्द 'स्तेफानोस', शर्यत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर घालायची पानांची माळ. पण 'हार' म्हणावं तर मराठीत पराभव होतो, तेव्हा मुगूटच बरा.

ओसरी :
सर्वांचे आभार. 'वेलांटी'चं उत्तर रात्री मामांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग उठून आजीच्या ट्रंकेतला बिस्किटांचा डबा घेऊन आले. पेन्शन आली की आजी आधी दशमांश, म्हणजे देवासाठीचा दहावा हिस्सा, काढायची, पाकिटात घालायची आणि वर पेन्सिलीने महिना लिहायची. औषधांचा खर्च वाढला तेव्हा मामाच तिच्याशी भांडले होते, देवाला कळतं म्हणून. ती म्हणाली होती, 'माझं नाहीच ते, मी नुसती सांभाळते.' डब्यात शेवटच्या महिन्याचं पाकीट आहे, चिकटवलेलं. ती गेली त्याच्या आदल्या आठवड्यातलं.

'विश्वासू' ठरलं. 'प्रवेश' गेला, जन्म आणि निधन एवढ्याच तारखा राहतील. कारागिराने नमुन्यात 'मुकुट' केलंय आणि तेच शुद्ध आहे म्हणतोय. आई म्हणते आजीच्या बायबलमध्ये 'मुगूट' आहे, तसंच कोर. अक्षरं तेवढीच, त्यामुळे पैशाचा वाद नाही.