रिकामटेकडे हॅकर? जरा ऐकून घ्या!

सुईवाला: परवा एका सद्गृहस्थांनी लिहिलं, लास वेगासच्या डेफ कॉन या हॅकरांच्या मेळाव्यात 'बायोहॅकिंग व्हिलेज' भरवून पेसमेकर आणि इन्सुलिन पंप हॅक करणारे रिकामटेकडे आहेत, आत टाका त्यांना. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. बावीस वर्षं टाइप वन मधुमेही आहे मी. 2011 साली वेगासमध्येच जे रॅडक्लिफ नावाच्या सुरक्षा-संशोधकाने इन्सुलिन पंपातला दोष मांडला. तोही टाइप वन, पंप त्याच्याच पोटाला लटकलेला! रेडिओवरून हुकूम आला की पंप पाळतो, हुकूम कुणाचा ते विचारतच नाही. आज त्या व्हिलेजमध्ये कंपन्या स्वतः यंत्रं आणून ठेवतात, औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी सरकारी एफडीएची माणसं येतात. बेड्या कुणाला घालताय?

डॉ. फटकळ: तो सद्गृहस्थ मीच. शब्द मागे घेत नाही. 2016 मध्ये मेडसेक या सुरक्षा कंपनीने सेंट ज्यूड कंपनीच्या पेसमेकरमधली सुरक्षेची भोकं आधी त्या कंपनीला सांगितली का? नाही. मडी वॉटर्स या गुंतवणूक कंपनीला दिली, सेंट ज्यूडचा शेअर पडण्यावर पैसे लावायला. पुढच्या वर्षी अमेरिकेत 4,65,000 पेसमेकरचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बदलायचं निघालं. पेशंटला दवाखान्यात बोलवा, तीन मिनिटं यंत्र बॅकअपवर, मिनिटाला 67 ठोक्यांवर. "डॉक्टर, बंद पडलं तर?" याचं उत्तर द्यायला हॅकर येतो का? आणि हॅकिंगमुळे इजा झाल्याची तेव्हा एकही नोंद नव्हती.

सुईवाला: मडी वॉटर्सची वकिली मी करणार नाही, तो धंदा घाणेरडाच. पण भोकं खोटी होती का? मग अपडेट कशाला काढलं?

कोपऱ्यातला: चालू द्या तुमचं, पण हॅकर हवाय कशाला? आईसाठी आयसीयूबाहेर तीन रात्री काढल्या. कॉम्प्युटरचा पासवर्ड मॉनिटरलाच चिकटवलेला! हॉस्पिटलचं नाव आणि पुढे 123. मी बाकावरून वाचला, चष्म्याशिवाय.

डॉ. फटकळ: त्या चिठ्ठीवाचून रात्री तीनला रिपोर्ट उघडून दाखवा. एक सिस्टर, एवढे पेशंट, आणि दर महिन्याला पासवर्ड बदला म्हणणारा आयटीवाला फोन उचलत नाही.

आयटी_हमाल: उचलतो!! डॉक्टरच "नंतर बघू" म्हणतात. जुनाट विंडोज सेव्हन काढा म्हणून तीन पत्रं दिली. बजेट नाही म्हणे. लॉबीत मात्र नवा संगमरवर. नोव्हेंबर 2022 मध्ये सायबर हल्ल्याने दिल्लीच्या एम्स हॉस्पिटलचे सर्व्हर बसले, सगळं कागदावर आलं, तेव्हा आमच्याकडे तातडीची मीटिंग झाली. समोसे चांगले होते.

कोपऱ्यातला: आणि सलाइनच्या पंपाचा अलार्म वाजला की वॉर्डबॉय येऊन बटण दाबून जायचा. कशाला वाजतोय ते कोण बघणार?

डॉ. फटकळ: दिवसभर ते अलार्म ऐकून बघा, मग बोला.

वेणू: मूळ विषय बायोहॅकिंग होता ना? पंपवाल्यांना मी हात जोडते, पण त्याच मांडवात घरगुती जीवशास्त्रवालेही आहेत. 2017 मध्ये त्यातल्याच जोसाया झेनरने लोकांसमोर स्वतःच्या हातात क्रिस्पर, म्हणजे जनुकं कापण्याचं तंत्र, टोचून घेतलं. पुढच्या फेब्रुवारीत ॲरन ट्रेविक या दुसऱ्या बायोहॅकरने हर्पिस या विषाणूवरची स्वतःच्या कंपनीची लस मांडीत टोचून घेतली, तीही स्टेजवर! मग झेनरलाच आपल्या तमाशाचा पस्तावा झाला. मी लॅबमध्ये ई. कोलाय हा साधा जीवाणू वाढवते तरी दहा सह्या लागतात.

सुईवाला: ते सर्कसवाले. आमच्यात मोजू नका.

डॉ. फटकळ: का? पंपाला जोडून इन्सुलिन आपोआप कमीजास्त करणारा तुम्हा लोकांचा तो घरगुती 'लूप' एफडीएला विचारून लावलाय का?

सुईवाला: नाही. आता खरं सांगतो, हसा हवं तर. आमचा लूप त्याच भोकातून चालतो. जुने पंप बाहेरचा हुकूम ऐकतात, म्हणून सेन्सरची साखर बघून छोटा कॉम्प्युटर त्यांना इन्सुलिन कमीजास्त करायला सांगू शकतो. डेना लुईस या टाइप वनवालीने 2015 मध्ये ओपनएपीएस नावाची अशी लूपची पद्धत सगळ्यांना खुली केली ती याच जोरावर. 2019 मध्ये मिनिमेड नावाचे जुने इन्सुलिन पंप धोक्याचे म्हणून एफडीएने इशारा दिला, आणि आमची मंडळी नेमके तेच शोधत फिरत होती.

डॉ. फटकळ: वा! म्हणजे दुसऱ्याच्या पंपात असलं तर भोक, तुमच्या पंपात असलं तर खिडकी.

सुईवाला: असंच म्हणा. पण माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 8.9 टक्क्यांवरून 6.7 वर आली.

डॉ. फटकळ: आकडा चांगला आहे, एवढं मान्य. हॅकरांना फुलं वाहणार नाही. एक सांगा, रात्री शुगर पडली तर तो लूप काय करतो?

सुईवाला: इन्सुलिन थांबवतो आणि अलार्म वाजवतो.

डॉ. फटकळ: आणि तुम्ही उठला नाहीत तर?

सुईवाला: बायको उठते. आधी मला लाथ, मग ग्लुकोजची पुडी.