विषय: शनिवारचा ओपनर – सॅक सुचवा, १०० डॉलरच्या आत

सचिन, ऑ क्लेअर | रविवार, रात्री १०:४०

मंडळी,

ओपनर, म्हणजे विस्कॉन्सिनातल्या हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस, शनिवारी आणि माझी सॅक काल गेली. झाडावरचा स्टँड नीट बसलाय का बघायला गेलो होतो. नेहमीसारखा आधी वर चढलो, हार्नेस अडकवला आणि दोरीनं सॅक ओढायला लागलो. दहा-बारा फूट आली आणि वरची मूठ मुळापासून उसवली. थर्मास फुटला. दुर्बीण गळ्यात होती म्हणून वाचली. सॅक दोनच सीझनची आहे, कापडाला ओरखडासुद्धा नाही.

आता १०० डॉलरच्या आत, फार तर १२०, अशी सॅक पाहिजे की पुढची दहा वर्षं बघायला नको. सामान नेहमीचंच: थर्मास, डबा, जादा जाकीट, सुरी, हातमोजे, दोरी, दोन टॉर्च. ऑनलाइन सगळे क्युबिक इंचात लिहितात, मला अंदाज येत नाही. प्राजक्ता, तू मागच्या वर्षी घेतलीस ती कुठली? अप्पा, कापडाचं तुम्ही सांगा.

मंगळवारी रात्रीपर्यंत ऑर्डर केली तरच वेळेत येईल.

सचिन

---

केदार, मॅडिसन | रविवार, रात्री ११:१५

सचिन, एकदाच काय ती मोठी घे. ६०-७० लिटर, फ्रेमवाली. कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे त्या सांबराएवढ्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला गेलो होतो तेव्हा माझ्याकडे साधी सॅक होती. मांस खाली आणताना दोन्ही खांदे सोलवटले, पुढे आठवडाभर शर्ट घालवत नव्हता. त्यानंतर फ्रेमवाली घेतली आणि तीच सगळीकडे वापरतो. ३०० च्या वर जाते, पण जन्माची सोय होते. बॅडलँड्सवाले तर फाटली तरी आयुष्यभर दुरुस्त करून देतात.

केदार

---

नाना, वॉसॉ | सोमवार, पहाटे ५:२०

केदार, एल्क आणि आपल्याकडचं व्हाइटटेल हरीण यांची गल्लत करू नकोस. एल्क गाडीपासून चार-पाच मैलांवर पडतो, त्याचं मांस सोडवून तीन-चार फेऱ्यांत पाठीवर आणावं लागतं. तिथं फ्रेम हवीच. सचिन गाडीपासून अर्ध्या मैलावर बसतो आणि हरीण प्लॅस्टिकच्या स्लेडवर ओढून आणतो. त्याच्या पाठीवर मांस यायचंच नाही.

आणि सॅक मोठी असली की माणूस ती भरतो. भरलेली सॅक घेऊन अंधारात टेकाड चढलं की घाम येतो, आणि घामेजलेल्या अंगानं उणे दहात बसलं की नऊ वाजेपर्यंत दात वाजायला लागतात. मग उठून गाडीकडे, आणि सीझनची पहिली सकाळ वाया. सचिन, २५ ते ३० लिटर, त्यावर जाऊ नकोस. क्युबिक इंचाला ६१ ने भाग म्हणजे लिटर येतात. १८०० म्हणजे ३० धर.

दुसरं, आवाज. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळचे साडेसात, वारा नाही, बर्फ नुकतं थांबलेलं. तीस पावलांवर एक मादी येऊन उभी राहिली आणि सारखी मागे वळून बघायला लागली. मागे नर असणार, म्हणून मी थांबलो. बोटं बधिर झाली होती, जाड मोजे काढायला सॅकचा कप्पा उघडला. वेलक्रोचा. खर्रर्र. तिनं मान वर केली, पुढचा पाय दोनदा आपटला, शेपूट उभारलं आणि एका उडीत दिसेनाशी झाली. मागच्या झाडीत नुसत्या फांद्या मोडल्याचा आवाज आला. नर मी पाहिलासुद्धा नाही. त्या दिवसापासून माझ्या सॅकवर वेलक्रो नाही.

थंडीत आतून लेप दिलेलं नायलॉन कडक होतं आणि पापडासारखं वाजतं. दुकानातल्या उबेत ते कळत नाही. सॅक आली की रात्रभर गराजमध्ये ठेव, सकाळी हातमोजे घालून सगळे कप्पे उघडून बघ. वाजली तर परत पाठव, तोवर लेबल कापू नकोस. चेनच्या लोखंडी टोकांना दोरीचे फास बांध, ती एकमेकांवर किणकिणतात. आणि डबा फॉइलमध्ये नको. धपाटे जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून घे. पण फडकं पांढरं नको, रंगवलेलं. जंगलात पांढरं हललं की लांबून ते शेपटासारखं दिसतं, आणि तिकडे बंदूक घेऊन बसलेला माणूस कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं.

म्हणूनच सॅकवर ऑरेंज कव्हर पाहिजे. कंबरेच्या वरच्या कपड्यात निम्मं तरी ऑरेंज किंवा गुलाबी असा नियम आहे, तो कपड्यांचा. पण तपकिरी सॅक पाठीवर चढवलीस की मागून व्हेस्ट झाकलाच ना? पूर्वी पाठीवर नंबराचा बॅकटॅग लावावा लागायचा, २०१६ ला तो गेला. पाठ दिसली पाहिजे ही गरज मात्र गेलेली नाही.

बंदूक रिकामी करूनच वर ओढ, आणि सॅकबरोबर नको, वेगळी. हे तुला ठाऊक आहे, नव्या मुलांसाठी लिहितोय.

नाना

---

अप्पा, ॲपलटन | सोमवार, सकाळी ८:०५

नानांचं आवाजाचं सगळं मान्य. आता टिकाऊपणाचं.

सचिन, तुझ्याच पत्रात उत्तर आहे. कापडाला ओरखडा नाही आणि मूठ उसवली. सॅका कापडावर मरत नाहीत, टाक्यावर आणि चेनवर मरतात. तरी जाहिरातीत मोठ्या अक्षरात काय असतं? डेनिअर! डेनिअर म्हणजे ९००० मीटर सुताचं वजन, ग्रॅममध्ये. १००० डेनिअर म्हणजे नऊ किलोमीटर सूत एक किलो भरतं, एवढाच त्याचा अर्थ. इचलकरंजीत आमच्या यंत्रमागावरचं पोरगंसुद्धा सांगेल की सूत जाड असलं म्हणून कापड चांगलं होत नाही. सूत कशाचं आहे, वीण किती घट्ट आहे, ते बघावं लागतं. ६०० डेनिअरच्या स्वस्त पॉलिस्टरपेक्षा ५०० डेनिअरचं कॉर्ड्युरा नायलॉन घासटण्याला जास्त टिकतं. तुझ्या कामाला ५०० पुरे. १००० घेतलंस तर वजन आणि कडकपणा दोन्ही वाढतील, आणि मग नाना म्हणतात तसं वाजेल.

दुकानात गेलास तर सॅक उलटी कर, बाहेरून बघूच नकोस. खांद्याचा पट्टा शिवणीतून निघतो तिथं आडवा, दाट, गच्च टाका पाहिजे. त्याला बारटॅक म्हणतात. नुसती एक सरळ शिवण असली तर ठेवून दे. मूठ वरच्या कापडालाच टाचलीय, की तिची टोकं पाठीमागच्या शिवणीत खोल गेलीत, ते बोटानं चाचपून बघ. आतल्या कडांना गोट मारलेला असावा. उघड्या कडा सुटत सुटत टाक्यापर्यंत येतात. आतला लेप नखानं घासून बघ, पावडर निघाली तर तो दोन वर्षांत सोलणार.

चेनवर ५, ८, १० असा आकडा असतो, तो साधारण दातांची रुंदी मिलिमीटरमध्ये. मुख्य कप्प्याला ८ किंवा १०. पाच नंबरची चेन भरलेल्या सॅकवर ओढून लावत राहिलं की आधी स्लायडर ढिला होतो, मग दात मागून उघडतात. लोक म्हणतात चेन बिघडली. चेन चांगली असते, जागा चुकलेली असते.

अप्पा

---

मोहन, ग्रीन बे | सोमवार, सकाळी ९:३०

अप्पा, एवढं नायलॉनचं पुराण कशाला? कॅनव्हास घ्या. आपल्या डोक्यावरच दुलुथ आहे, तिथं दुलुथ पॅकवाले १८८२ पासून कॅनव्हासच्या पिशव्या शिवतायत. माझी सोळा वर्षांची आहे. चामड्याचे पट्टे, पितळी बकलं, चेनच नाही. काटेरी झुडपातून गेलो तरी आवाज नाही. बाबांची शेतावरची पडशी आठवते मला ती बघून, तोच वास.

मोहन

---

अप्पा, ॲपलटन | सोमवार, सकाळी ९:५०

मोहन, पडशी शेतावर ठीक. मेण उतरलेला कॅनव्हास पाणी पितो आणि रात्रीत गोठून पत्र्यासारखा होतो. तू दर वर्षी मेण चोळतोस, आणि तू खोपटात शेगडीशेजारी बसतोस. सचिन मचाणावर उघड्यावर असतो. शिवाय रिकामी सॅकच दीड-दोन किलोची. आणि १२० डॉलरमध्ये तुझ्यासारखी मिळते का, सांग.

---

मोहन, ग्रीन बे | सोमवार, सकाळी १०:१०

किंमत मान्य. पत्र्यासारखा होतो हे मान्य नाही. सोळा वर्षांत एकदा झाला, तोही मी गाडीच्या टपावर विसरलो होतो म्हणून.

---

सुनंदामावशी, मॅडिसन | सोमवार, दुपारी १२:४५

नमस्कार. ही मेलची यादी मंडळाच्या कामासाठी आहे याची आठवण करून देते. दिवाळीचा हॉल आपण सोडला तरी मोठा कुकर आणि दोन समया अजून परत आलेल्या नाहीत, त्यावर माझ्या तीन मेलना एकाचंही उत्तर नाही. शिकारीच्या सॅकवर मात्र एका दिवसात इतके मेल. आमच्या घरी मांस शिजत नाही, तुमच्या घरी शिजतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मंडळाच्या यादीवर हे किती यावं याचा विचार व्हावा असं मनापासून वाटतं.

सुनंदा

---

नाना, वॉसॉ | सोमवार, दुपारी १:३०

सुनंदाताई, कुकर माझ्याकडे आहे. शनिवार सोडून कधीही आणून देतो. उत्तर दिलं नाही ही माझी चूक.

बाकी, मंडळातले नऊ जण शिकारीला जातात आणि त्यांची दुसरी यादी नाही. इकडे हा नऊ दिवसांचा सीझन म्हणजे गावाची जत्रा आहे, शाळा-कारखान्यातली माणसं रजा टाकून जातात. गेल्या वर्षी आम्ही दोन हरणं राज्याच्या डोनेशन प्रोग्रॅममध्ये दिली, ते मांस अन्नछत्रात गेलं. माझे आजोबा भोरच्या रानात हाक्याला जायचे, १९७२ च्या कायद्यानं तिकडे ते संपलं, आणि ते योग्यच झालं, कारण रानात जनावर उरलं नव्हतं. इथं हरणं इतकी आहेत की शेतकरी स्वतः बोलावतात. मंडळात याबद्दल बोलायचं नाही असं झालं तर आमची मुलं हे एकट्यानं शिकतील, आणि बंदुकीचं काम एकट्यानं शिकू नये.

नाना

---

प्राजक्ता, ला क्रॉस | सोमवार, संध्याकाळी ६:२०

सचिनदादा, दिवसभर शिफ्ट होती. माझी आर्मी सरप्लसच्या दुकानातली आहे, वापरलेली, ४५ डॉलर. टाके अप्पाकाका म्हणतात तसेच. पण प्लॅस्टिकची बकलं टकटक वाजतात. मी त्यांच्यावर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवलेत, आता गप्प आहेत. रंग हिरवट, म्हणून वर ऑरेंज कव्हर, १० डॉलर.

पाठीची लांबी मोजल्याशिवाय घेऊ नकोस. मान वाकवली की वर येतं ते हाड, तिथून कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. माझं माप कमी भरतं. पहिल्या सॅकचा कंबरपट्टा माझ्या मांडीवर यायचा, सगळं ओझं खांद्यावर. दुकानदार म्हणत होता, सवय होईल. झाली नाही.

अजून एक. आमच्याकडे सीडब्ल्यूडी, म्हणजे हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग, आहे. २००२ मध्ये राज्यात पहिल्यांदा सापडला, आता बराच पसरलाय, आणि त्याचा प्रायॉन, म्हणजे रोग पसरवणारं बिघडलेलं प्रथिन, साध्या धुण्यानं जात नाही. मेंदू आणि मणक्याला लागलेली कुठलीच गोष्ट मी सॅकमध्ये टाकत नाही. बांधकामाच्या कचऱ्याच्या जाड पिशवीत सुरी, मोजे सगळं गुंडाळते, ती पिशवी नंतर कचऱ्यात. डोकं तपासणीला देते आणि निकाल येईपर्यंत फ्रीझरमधल्या मांसाला हात लावत नाही. तपासणीला पैसे पडत नाहीत.

प्राजक्ता

---

केदार, मॅडिसन | सोमवार, रात्री ८:००

नाना, मान्य, फ्रेम मागे घेतो. पण वॉरंटीचं कोणीच बोललं नाही.

---

अप्पा, ॲपलटन | सोमवार, रात्री ८:२५

केदार, वॉरंटी कंपनीच्या मर्जीवर असते. एल. एल. बीन कंपनीनं २०१८ च्या फेब्रुवारीत कधीही परत घ्यायचं जुनं धोरण बंद करून एक वर्षावर आणलं. टाका आपल्यासमोर असतो, तो बघून घ्यावा. आणि वॉरंटीत पाठवलेली सॅक सीझन संपल्यावर परत येते.

---

सुनंदामावशी, मॅडिसन | सोमवार, रात्री ९:१०

सचिन, एक विचारते. कापड चांगलं आहे आणि फक्त मूठच उसवली आहे, तर नवीन का घेतोस?

ढोलपथकाचे पट्टे गेली सहा वर्षं मीच शिवते. एवढा मोठा ढोल कंबरेला बांधून मुलं तीन-तीन तास नाचतात, एकही पट्टा आजवर सुटलेला नाही. माझ्याकडे जुनं लोखंडी मशीन आहे, १८ नंबरची सुई, ६९ चा बाँडेड नायलॉन दोरा. तुझ्या मुठीची टोकं नुसती वरून टाचलेली असणार. आतून पट्टीचं ठिगळ लावायचं, मूठ त्याच्यापर्यंत खाली न्यायची, चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली. मुठीला लोंबकळलास तरी निघणार नाही.

सुनंदा

---

सचिन, ऑ क्लेअर | मंगळवार, सकाळी ६:५०

मावशी, काल रात्री अप्पांनी सांगितल्यासारखी सॅक उलटी केली. मूठ खरंच वरच्या कापडालाच टाचलेली होती. आणि खांद्याचे पट्टेसुद्धा तसेच, एकेका सरळ शिवणीवर. डावीकडचे चार टाके आत्ताच तुटलेत. तेही शिवाल का? चेन ८ नंबरची आहे, चांगली चालते. गराजमध्ये ठेवून बघितली, कापड वाजत नाही, फक्त पुढच्या खिशाचा वेलक्रो वाजतो. नाना, तो मी उसवून काढलाय.

नवीन घेत नाही. उरलेल्या पैशांत थर्मास आणि ऑरेंज कव्हर. गुरुवारी कामासाठी मॅडिसनला येतोय.

सचिन

---

नाना, वॉसॉ | मंगळवार, सकाळी ७:०५

वर ओढताना दोरी नुसत्या मुठीला बांधू नकोस. खांद्याच्या दोन्ही पट्ट्यांतून घालून मग मुठीतून काढ, म्हणजे भार तीन जागी वाटला जातो.

---

सुनंदामावशी, मॅडिसन | मंगळवार, सकाळी ७:३०

गुरुवारी सहानंतर ये. दोन इंची पट्टी घरात आहे, आणू नकोस. सॅक आधी धुऊन, पूर्ण वाळवून आण. याच मशीनवर गणपतीच्या मखराचं कापड शिवते. रक्ताचा डाग असेल तर गार पाण्यात भिजव, गरम पाण्यानं तो बसतो. प्राजक्तानं लिहिलंय तसलं काही त्यात ठेवलं होतंस का, तेवढं आधी कळव.

आणि समया कोणाकडे आहेत?