तळेगाव-वडगाव पट्ट्यात 1779 चा लष्करी तळ कसा हुडकायचा?

माळावरचा: हाताशी व्हीएलएफ (अतिकमी वारंवारतेचा) मेटल डिटेक्टर आहे, 11 इंची डीडी कॉइलचा (आत दोन डी-आकाराची वेटोळी). इंग्रज-मराठ्यांच्या वडगावच्या लढाईतल्या फौजांचे तळ कुठल्या शिवारात पडले होते, ते आधी कागदावर ठरवायचंय. सुरुवात कुठून करू? शिवाय मुरमाड रानात मशीन सारखं कोकलतं, त्याला काय उपाय? इंग्रजांनी माघार घेताना तळेगावच्या तळ्यात टाकलेल्या तोफांचाही माग काढता येईल का?

दफ्तरी: आधी तारीख पकडा, जागा नंतर. इंग्रज फौज 9 जानेवारी 1779 ला तळेगावात पोचली, 11 च्या रात्री मागे फिरली आणि वडगावात कोंडली गेली. म्हणजे या पट्ट्यात त्यांचे तळ दोनच. मराठ्यांचं तसं नाही, त्यांच्या तुकड्या पसरलेल्या होत्या. पण पत्राच्या शेवटी 'मुक्काम अमुक' लिहिलेलं असतं. पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरातून हे मुक्काम काढून तारखेवार लावा.

या पत्रांवरचा शुहूर सन (मराठी दफ्तरातली जुनी कालगणना) आकड्यात नसतो, अरबी शब्दात असतो. 'तिसा सबैन मया व अलफ' म्हणजे 9, 70, 100 आणि 1000, एकूण 1179. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर त्यात 599 मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत 600. इथे चुकलात तर अख्खी फौज वर्षभर मागेपुढे सरकते. आणि 'मुक्काम तळेगाव' म्हणजे गावठाण नव्हे, आजूबाजूचं शिवार धरा.

पाणवठा: दफ्तरींनी गाव दिलं, आता शेत. घोड्याला दिवसाला 25-30 लिटर पाणी लागतं. पाच हजार घोडी म्हणजे सव्वा ते दीड लाख लिटर, शिवाय बैल आणि माणसं वेगळी. विहिरीवर भागत नाही. नदी किंवा मोठं तळंच हवं. पण तळ काठावर पडत नाही. काळ्या रानात ओल धरते, बैल रुततात, म्हणून काठापासून जरा वरचा, निचऱ्याचा मुरमाड माळ बघा, जुन्या वाटेलगतचा.

सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना टोपोशीट (उंचसखल, वाटा, पाणी दाखवणारा नकाशा) 47 एफ/10 घ्या, उत्तरेकडची कड 47 एफ/9 वर जाते. त्यावर पाणी, वाट आणि उंचवटा जुळतो त्या जागा खुणा करून ठेवा. मग 1960 च्या दशकातली कोरोना उपग्रहाची चित्रं बघा, द्रुतगती मार्ग आणि प्लॉटिंगच्या आधीचं रान त्यात दिसतं. सपाटीकरण झालेली शेतं सरळ वगळा. तिथली माती कुठून आली ते कोण सांगणार?

कॉइलवाला: कोकलणं बेसॉल्टमुळे. त्यात मॅग्नेटाइट असतं. स्वच्छ जागी कॉइल जमिनीपासून 3 ते 20 सेंटिमीटर वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स करा (म्हणजे मशीनला जमिनीचा आवाज वगळायला लावा), आणि काळी माती संपून मुरूम लागला की पुन्हा करा. तरी बडबडलं तर सेन्सिटिव्हिटी उतरवा. खोली थोडी जाते, जाऊ दे. कॉइल थोडी उचलताच आवाज बसला किंवा दिशा बदलल्यावर जागा सरकली, तर बहुधा दगडच.

लोखंडाचं डिस्क्रिमिनेशन (लोखंडाचे सिग्नल गाळणारी सोय) मात्र बंद ठेवा. नालांचे खिळे आणि तंबूच्या मेखा हीच तळाची खूण, आणि लोक नेमकं तेच गाळतात. दोन मीटरच्या दोऱ्या ताणून पट्ट्यांनी चाला, प्रत्येक सिग्नलचा जीपीएस बिंदू नोंदवा. दिवाळीनंतर पीक निघून नांगरट झाली की रान मोकळं असतं. गुटख्याच्या पुड्या आणि ठिबकच्या तारा भरपूर त्रास देतील.

नांगरटीत वर आलेल्या गोळ्या पडल्या जागीच बघा. गोल, साच्याची रेघ शाबूत, म्हणजे न झाडलेली, बहुतेक खिशातून पडलेली. बंदुकीतून सुटून आदळलेली चेपते. एका पट्ट्यात शाबूत गोळ्या आणि ओतताना सांडलेल्या शिशाचे थेंब सापडले तर तो तळ. नुसत्या चेपलेल्या असतील तर लढाईची जागा. इंग्रजांच्या ब्राउन बेस बंदुकीची गोळी साधारण 17.5 मिलिमीटर, वजन 32 ग्रॅमच्या आसपास. शिशावरचा पांढरा थर घासू नका, आणि हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका.

दफ्तरी: खणायच्या आधी एवढं वाचाच. सातबारा काढून गट नंबरवरून मालक शोधा आणि त्याची लेखी परवानगी घ्या, तोंडी होकारावर जाऊ नका. जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची कुठलीही वस्तू सापडली तर 1878 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांवरच्या वस्तूला 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होतो. संरक्षित स्मारकाची हद्द आणि लष्कराची जमीन यांच्या वाटेलाच जाऊ नका. माझं मत विचाराल तर खणूच नका: बिंदूंचा नकाशा आणि मुक्कामांची यादी घेऊन डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात जा. खणून काढलेल्या गोळीला जागा उरत नाही, आणि जागेशिवाय ती नुसतं शिसं.

कॉइलवाला: तोफांचं राहिलं. तळ्यात टाकलेल्या तोफा नंतर कुणी काढल्या, हा आधी दफ्तरातला प्रश्न. एवढं धातू असलेल्या जागी मराठ्यांनीच हात मारला नसेल, असं धरून चालू नका.