हिमयुगं काय रिक्षांच्या धुराने संपली होती?

नेरूळकर:
माणसामुळे पृथ्वी तापतेय हे खोटं, असं सांगत काल इथे एकाने लिहिलं, "हिमयुगं आली-गेली तेव्हा गाड्या होत्या का? माणूस चिमूटभर, हवामान अवाढव्य." त्यावर अंगठ्यांचा पाऊस! राहवलं नाही. हिमयुगं येतात-जातात ती पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल बदलल्याने, आणि त्याला हजारो वर्षं लागतात. उष्णता धरून ठेवणारा कार्बन डायऑक्साइड मात्र कारखानदारीआधी हवेच्या दहा लाखांत २८० भाग होता, आज ४२० च्या वर. हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून मोजतायत. ही वाढ कोळसा-तेलाचीच, हे कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) कळतं. सूर्य तापवत असता तर स्थितांबर, म्हणजे हवेचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय.

घोडबंदरचा गडी:
पाठांतर छान. मग हा वायू दुप्पट झाला की किती तापणार, छातीठोक सांगा! आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान समिती) २०२१ च्या अहवालात अडीच ते चार अंश. आमच्या भाजीवाल्याचाही हिशेब इतका ढिला नसतो. ढगांचं कोडं सुटत नाही आणि गप्पा २१०० च्या. ठाणं तापलं काँक्रीटने. आमच्या सोसायटीसमोर गुलमोहराच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडवलं, पहिल्या वळिवात झाड आडवं, थेट माझ्या स्कूटरवर. विमावाले म्हणतात, दैवी आपत्ती!

नेरूळकर:
स्कूटरचं वाईट वाटलं. पण समुद्रही तापतोय, तिथे कोणी काँक्रीट ओतलं? अडीच ते चारमध्ये शून्य कुठे दिसलं तुम्हाला?

वाशीची मावशी:
समुद्राचं नाव काढलंत म्हणून बोलते. आमच्याकडचा होल्डिंग पॉण्ड गाळाने भरलाय. भरतीला खाडीकडचं झडपेचं दार, म्हणजे फ्लॅप गेट बंद, पावसाचं पाणी तळ्यात थांबणार आणि ओहोटीला खाडीत जाणार, अशी रचना. तळ्यात जागाच नाही तर पाणी थांबणार कुठे? माझ्या तळमजल्यावर! गाळ काढा म्हटलं की सांगतात, आत कांदळवन उगवलंय, हायकोर्टाची परवानगी लागते. ओटा पुसून पुसून कंबर गेली. तुमचं समस्थानिक ठेवा बाजूला.

खाडीकाठचा:
मावशी, कांदळवनाला हात लावायचा नाही! फ्लेमिंगो कुठे जातील?

वाशीची मावशी:
माझ्या हॉलमध्ये पाठवा. पाणी आहेच.

नेरूळकर:
मावशी, समुद्राची पातळी चढली की ते गेट आणखी जास्त वेळ बंद राहणार. म्हणूनच घसा फोडतोय. आणि या वायूतला काही भाग हजारो वर्षं हवेतून जात नाही.

घोडबंदरचा गडी:
बरं बाबा, माणूसच तापवतोय. झालं समाधान? अडीच की चार ते ठरलं की कळवा, तोवर मी एसी लावतो.

खाडीकाठचा:
एसीचं बिल किती येतं हो तुम्हाला?