मदत हवी आहे: ख्मेर भाषिकांना 'शॅकल' कसा समजावून सांगावा?

नमस्कार. कंबोडियातल्या सिहानूकव्हिल बंदरात काम शोधणाऱ्या ख्मेर तरुणांसाठी इंग्रजी शब्दांचं टिपण लिहितो आहे. 'शॅकल'पाशी अडलोय.

बेडी हा अर्थ सोपा आहे. ख्मेरमध्ये बेडीला 'ख्नोह' म्हणतात, हातकडीला 'ख्नोह दै'. साखळीसाठी 'च्रवाक' हा वेगळाच शब्द आहे, त्यामुळे चेन आणि शॅकल यांची गल्लत होत नाही. पण बंदरात शॅकल म्हणजे क्रेनच्या दोरखंडाला ओझं जोडणारी, आडव्या पिनेची यू आकाराची लोखंडी कडी. कुलुपाच्या वाकड्या दांडीलाही शॅकलच म्हणतात. ऑनलाइन भाषांतर तिन्हीकडे 'ख्नोह' देतं. शब्दकोशात बेडीचा अर्थ मिळाला, अवजाराचा नाही. चित्र दिलंय, पण मुकादम तोंडी काय म्हणेल ते मुलांना कळायला हवं.

उदाहरणात तुरुंग नको आहे. ख्मेर रूज या क्रूर कम्युनिस्ट राजवटीच्या काळात (१९७५ ते १९७९) नॉम पेन्हच्या तुओल स्लेंग तुरुंगात कैद्यांचे पाय लांब लोखंडी दांड्याला बेड्यांनी अडकवत. या मुलांच्या घरांत ती आठवण अजून ताजी असू शकते, म्हणून मी याबाबत फार जपतो.

टिपण छापील आहे, प्रत्येक अर्थाला एकच ओळ. मला ख्मेर वाचता येतं, पण कामगारांची बोली माहीत नाही.

नॉम पेन्ह किंवा सिहानूकव्हिलला बंदरात, बांधकामावर काम केलेलं कुणी आहे का? तिथले कामगार क्रेनच्या शॅकलला 'ख्नोह'च म्हणतात, इंग्रजी शब्द तसाच वापरतात, की त्यांचा तिसराच शब्द आहे?